मोबाइलवरील थर्मल कॅमेरा : शेतकऱ्यानें त्यावर किती विसंबावें ?

नवें यंत्र बाजारांत आलें म्हणजे त्याविषयीं दोन टोकांचीं मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, आतां शेतीचें सारें दैन्य फिटेल. दुसरा म्हणतो, हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, कष्टकऱ्यास त्याचा काय उपयोग? मोबाइलला जोडावयाच्या थर्मल कॅमेऱ्याविषयीं सध्यां असेंच चाललें आहे. ‘फ्लिर वन’ व ‘सीक थर्मल’ हीं अशीं दोन यंत्रें इ. स. २०१४ मध्यें विक्रीस आलीं. तेव्हांपासून त्यांत पुष्कळ सुधारणा झाल्या, आणि आज आगपेटीहून लहान यंत्र मोबाइलच्या तळाशीं खोचून कोणासही उष्णतेचें चित्र काढतां येतें. बागाईतदार, दूधउत्पादक व विहिरीवर मोटार असलेले शेतकरी या तिघांच्याही कामाचें म्हणून तें पुढें केलें जात असल्यामुळें त्यासंबंधीं आमचें मत स्पष्ट मांडणें इष्ट वाटतें. तें मत थोडक्यांत असें : हें यंत्र फरक दाखवितें, कारण दाखवीत नाहीं. फरक दिसल्यावर त्याचें कारण दुसऱ्या साधनानें शोधण्याची ज्यास सवय आहे, त्याचा तें चांगला चाकर होईल; जो त्याच्या चित्रासच निकाल मानील, त्यास तें खड्ड्यांत घालील.

प्रथम यंत्र काय पाहतें तें समजून घेऊं. प्रत्येक पदार्थ आपल्या उष्णमानाप्रमाणें अदृश्य किरण बाहेर टाकीत असतो. ज्योतिर्विद विल्यम हर्शेल यानें इ. स. १८०० मध्यें लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून, तांबड्या रंगाच्या पलीकडे जेथें डोळ्यास कांहींच दिसत नाहीं तेथें थर्मामीटर ठेवला, तों तोही चढलेला आढळला. त्या अवरक्त किरणांपैकीं सुमारें ८ ते १४ मायक्रॉन लांबीच्या लहरी हा कॅमेरा टिपतो व उष्णमानाप्रमाणें त्यांस निरनिराळे रंग देतो.

येथें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हे किरण वस्तूच्या पृष्ठभागावरून येतात. भिंतीपलीकडचें, पाण्याखालचें, इतकेंच काय पण साध्या कांचेपलीकडचेंही या यंत्रास दिसत नाहीं. म्हणूनच त्याचें भिंग कांचेचें नसून सिलिकॉन किंवा जर्मेनियम यांचें केलेलें असतें. दुसरी, चकचकीत धातु स्वतःचे किरण फार थोडे टाकतो व भोंवतालचे परत फिरवितो. उकळत्या पाण्यानें भरलेलें स्टीलचें पातेलें यंत्रास बरेंच थंड भासतें. त्यावर काळ्या टेपचा तुकडा चिकटविला तर तेवढाच भाग तापलेला दिसतो. हा प्रयोग प्रत्येकानें यंत्र हातीं आल्याच्या पहिल्याच दिवशीं करावा. तिसरी, स्वस्त यंत्राच्या आंकड्यांत तीन अंशांची किंवा त्याहूनही अधिक चूक असूं शकते. म्हणून एकच आंकडा धरून बसूं नये. शेजारच्या दोन सारख्या वस्तूंतील फरक एकाच चित्रांत पाहावा.

या दृष्टीनें पाहतां यंत्राचा पहिला व निःसंशय उपयोग पिकांत नसून विहिरीवरील मोटारीच्या पेटींत आहे. तारेचा जोड सैल झाला किंवा गंजला कीं तेथें विजेस अडथळा होतो व तो जोड तापूं लागतो. पुढें तो जळतो, एक फेज तुटते, आणि मोटार उरलेल्या दोन फेजांवर ओढ घेऊन तिचें वाइंडिंग जळून जातें. हें बहुधा ऐन पाण्याच्या पाळींत घडतें व मोटार भरून येईपर्यंत पीक वाळतें. मोटार पूर्ण भारावर अर्धा तास चालल्यावर पेटी उघडून चित्र घेतलें, आणि तीन फेजांपैकीं एकच जोड इतर दोहोंपेक्षां दहा-पंधरा अंशांनीं अधिक तापलेला दिसला, तर तो सैल असल्याचा दाट संशय धरावा. तिन्ही जोड सारखेच पण फार तापले असतील, तर दोष जोडांत नसून भारांत किंवा तारेच्या जाडींत असण्याचा संभव अधिक. तांब्याचे चकचकीत लग थंड भासून फसवितात. अशा वेळीं त्यांस लागून असलेल्या तारेच्या आवरणाकडे पाहावें. मात्र चालू पेटी उघडण्याचें काम जाणत्या वायरमनकडूनच करवावें, चित्र दूर उभें राहून घ्यावें, आणि जोड आवळण्यापूर्वीं मुख्य स्विच बंद करून वीज गेल्याची खात्री करून घ्यावी. सौरपंपाच्या पॅनेलवर एखादा चौकोन भोंवतालच्या चौकोनांहून तापलेला दिसला, तर प्रथम पॅनेल धुवून व सावली काढून पाहावें. तरीही तो तसाच राहिला तर आंतील बिघाडाची तक्रार करावी. त्या वेळीं तें चित्र पुराव्यासही उपयोगी पडेल.

दुसरा उपयोग गोठ्यांत आहे. कासदाह, ज्यास आपल्याकडे दगडी म्हणतात, त्यांत कासेचा रोगट भाग उरलेल्या तीन भागांपेक्षां ऊन होतो व चित्रांत उठून दिसतो. परंतु उन्हांतून आलेल्या किंवा नुकत्याच बसून उठलेल्या गाईच्या कासेची एक बाजू रोगावांचूनही तापलेली दिसते, आणि ओल्या शेणानें माखलेला भाग खोटाच थंड भासतो. म्हणून सकाळच्या धारेपूर्वीं, सावलींत, कास पुसून कोरडी झाल्यावर चित्र घ्यावें. फरक दिसल्यास लगेच औषधाची नळी सोडूं नये. कॅलिफोर्निया कसोटीनें चारी सडांचें दूध तपासावें व पशुवैद्यास बोलवावें. फरक न दिसल्यास दूध निर्दोष ठरतें असेंही नाहीं, कारण सुप्त कासदाहांत कातडी तापतेच असें नाहीं. लंगडणाऱ्या बैलाचा कोणता खूर दुखतो हें शोधण्यासही चित्राची मदत होते. पण जनावराचा ताप कातडीच्या रंगावरून ठरवूं नये. तो गुदद्वारांत थर्मामीटर ठेवूनच पाहावा.

आतां पिकाकडे वळूं. पान आपल्या रंध्रांतून पाणी वाफेच्या रूपानें बाहेर टाकतें व त्यायोगें थंड राहतें. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारें ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. मुळांस पाणी कमी पडलें कीं रंध्रें मिटतात आणि पान तापतें. या तत्त्वावर अमेरिकेंतील ॲरिझोना संस्थानांत फिनिक्स येथील जलसंधारण प्रयोगशाळेच्या इड्सो व जॅक्सन या संशोधकांनीं इ. स. १९८१ मध्यें पिकावरील पाण्याचा ताण मोजण्याचा निर्देशांक मांडला. तत्त्व खरें आहे. पण तो प्रदेश वाळवंटी, हवा कोरडी व आकाश निरभ्र, हें विसरतां कामा नये. देशावर मार्च-एप्रिलांत तशी स्थिति पुष्कळदां मिळते. परंतु कोंकणच्या दमट हवेंत किंवा पावसाळ्यांतील ढगाळ दिवशीं, पाणी मिळालेल्या व न मिळालेल्या पिकांतील अंतर इतकें कमी होतें कीं तें यंत्राच्या चुकींतच बुडून जातें.

ज्यास द्राक्षाच्या किंवा डाळिंबाच्या बागेंत हा प्रयोग करावयाचा असेल, त्यानें स्वच्छ उन्हांत, वारा कमी असतां, दुपारीं बारा ते दोनच्या दरम्यान चित्रें घ्यावीं. एकाच जातीच्या व एकाच वयाच्या झाडांची तुलना करावी, आणि चार झाडांस मुद्दाम पुरेपूर पाणी देऊन तीं मापासाठीं राखावीं. यंत्राची नजर मंद असते हेंही ओळखून असावें. पुष्कळ यंत्रांचें चित्र १६० गुणिले १२०, म्हणजे १९,२०० ठिपक्यांचेंच असतें. दहा मीटर रुंदीचा देखावा त्यांत घेतला तर एकेक ठिपका सहा सेंटीमीटरांहून मोठा होतो, आणि त्यांत पान, फांदी व तापलेली माती यांची सरासरी येते. तेव्हां बांधावर उभें राहून साऱ्या शेताचा निवाडा करूं नये. झाडाजवळ जाऊन पानांनीं भरलेलें चित्र घ्यावें. ठिबकाचा तुंबलेला ड्रिपर यंत्रानें सांपडतो, कारण त्याखालची माती इतरांसारखी थंड होत नाहीं. पण हें काम डोळ्यानें व हातानेंही होतें, यंत्रानें तें थोडें लवकर होतें इतकेंच.

खरा धोका पुढें आहे. झाड तापलें म्हणजे त्यास पाणी कमी पडलें, असा सरळ अर्थ नाहीं. मुळांवर सूत्रकृमींच्या गांठी असल्या, उसाचीं मुळें हुमणीनें खाल्लीं, डाळिंबास मर लागली किंवा जमिनींत पाणी सांचून मुळें गुदमरलीं, तरीही पान तसेंच तापतें. मर लागलेल्या डाळिंबास चित्र पाहून पाणी वाढविणें म्हणजे रोगासच खतपाणी घालणें होय. म्हणून चित्रांत झाड तापलेलें दिसलें कीं पाण्याच्या व्हॉल्व्हकडे न धांवतां प्रथम कुदळ घेऊन मुळाशीं जावें व वाफसा हातानें पाहावा.

चाळींतील कांद्याविषयीं एवढेंच सांगतों कीं, सडणारा माल ऊब धरतो हें खरें. पण आंतली ऊब ढिगाच्या अंगावर दिसेतोंपर्यंत नासाडी पसरलेली असते. तेथें ढिगांत खुपसावयाचा लांब दांड्याचा थर्मामीटर व रोजचा वास यांवरच अधिक भरंवसा ठेवावा.

दोन बाबतींत मात्र या यंत्राचा आधार मुळींच घेऊं नये असें आम्ही निक्षून सांगतों. एक, भूगर्भांतील पाणी. दिवसाच्या उन्हाची चढउतार जमिनींत दीड-दोन फुटांपलीकडे जवळजवळ पोंचत नाहीं. आपल्या काळ्या पाषाणांत पाणी असतें तें खडकाच्या भेगांत व सच्छिद्र थरांत, कित्येक ठिकाणीं शेंकडों फूट खालीं. पृष्ठभाग तेवढा पाहणाऱ्या यंत्रास तें दिसणें शक्यच नाहीं. जो कोणी मोबाइलवरील रंग दाखवून बोअरची जागा सांगेल, त्यांत आणि तळहातावर नारळ उभा करणाऱ्या पाणाड्यांत फरक एवढाच कीं याची दक्षिणा अधिक. बोअर कोरडा गेला तर कर्ज फेडावयाचें तें शेतकऱ्यासच.

दुसरी बाब जिवाची आहे. पुणें जिल्ह्यांतील जुन्नर, आंबेगांव व शिरूर या तालुक्यांत उसाच्या फडांत बिबट्यांचा वावर आहे, आणि रात्रीं पाणी द्यावयास जाणाऱ्यास हें यंत्र सोबती वाटणें साहजिक आहे. परंतु उसाच्या दाट पाल्याआडचें जनावर यंत्रास दिसत नाहीं. उघड्या रानांतसुद्धां, दहा मीटरांवर दहा मीटरांचा देखावा घेणाऱ्या यंत्रानें पन्नास मीटरांवरील बिबट्या केवळ तीन-चार ठिपक्यांएवढाच दिसेल. कॅमेऱ्यांत कांहीं दिसलें नाहीं म्हणून फडांत कांहीं नाहीं, असें समजून एकट्यानें पाऊल टाकूं नये. दोघांनीं मिळून जाणें, हातांत बत्ती व काठी असणें आणि बोलत-आवाज करीत चालणें, हीच रीत कायम ठेवावी.

शेवटीं खर्चाचा विचार. बऱ्यापैकीं यंत्रास वीस-पंचवीस हजार रुपये व त्याहून अधिक पडतात, आणि एका शेतकऱ्यास त्याचें खरें काम वर्षांतून थोड्याच दिवशीं पडतें. तेवढ्यासाठीं प्रत्येकानें तें घेणें आम्हांस उधळपट्टी वाटते. जमिनीची ओल मोजणारा टेन्शिओमीटर याहून पुष्कळ कमी पैशांत मिळतो व पाण्याच्या प्रश्नास अधिक सरळ उत्तर देतो. परंतु गांवच्या सोसायटीनें किंवा दूधसंस्थेनें एक यंत्र घेऊन एका जाणत्या माणसाच्या स्वाधीन करावें, रब्बीच्या व उन्हाळ्याच्या तोंडीं प्रत्येक सभासदाची मोटारपेटी तपासून द्यावी, आणि माफक आकार घ्यावा, हें सर्वथा योग्य होईल. त्याबरोबर एक वही ठेवावी : तारीख, वेळ, हवा, काय दिसलें, आणि नंतर उघडून किंवा खणून पाहतां काय निघालें. दोन हंगाम अशी वही भरली म्हणजे आपल्या गांवांत हें यंत्र किती वेळां खरें ठरलें व किती वेळां फसलें तें समजेल. जाहिरातींच्या शंभर चित्रांपेक्षां ती एक वही सभासदांस अधिक मोलाची होईल, आणि दुसरें यंत्र घ्यावें कीं नाहीं हा प्रश्न तिच्या आधारें सोडवितां येईल.