किल्ली फिरवली, पण गाडी चालू होईना

कोकणातल्या आपल्या वाड्यांमध्ये अशी घरे पुष्कळ आहेत: कर्ता माणूस आखातात, घरी वयस्कर अब्बा-अम्मी आणि पडवीलगत उभी जुनी मारुती ८००. सुट्टीत महिनाभर गाडी पळते, मग सारा पावसाळा ताडपत्रीखाली झोपते. मध्यरात्री कुणाची तब्येत बिघडली की तिची आठवण होते. रिक्षा मिळत नाही, तालुक्याचा दवाखाना लांब आणि गाडी ढिम्म हलत नाही. अशा वेळी गाडीजवळ असता तुम्हीच, भगिनींनो. म्हणून हे तुम्हालाच माहीत असलेले बरे.

पहिली गोष्ट, घाबरून किल्लीमागून किल्ली मारत बसू नका. एका वेळी फार तर दहा सेकंद, मग मिनिटभर थांबा. नाहीतर बॅटरीत उरलेसुरले तेही संपते. त्यापेक्षा कान द्या.

काहीच आवाज नाही किंवा नुसते टिक-टिक होते आहे? हेडलाइट लावा आणि मग किल्ली मारा. दिवे एकदम मंदावले तर इंजिनापर्यंत वीज पुरेशी पोहोचत नाही. इथे ‘बॅटरी गेली, नवीन घाला’ म्हणणारे लगेच भेटतात. त्यांचे ऐकण्याआधी बॅटरीची टोके पाहा. खाऱ्या हवेत त्यांवर पांढरा-हिरवट थर चढतो आणि चांगली बॅटरीही मेल्यासारखी वागते. आधी काळी (वजा) वायर काढा, मग लाल. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके धुवा, कोरडी करा, घट्ट बसवा, वर थोडे व्हॅसलिन लावा. जोडताना लाल आधी, काळी शेवटी. हजारोंचा खर्च कधीकधी चमचाभर सोड्यात वाचतो. घरात मीटर असेल तर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली गेली असेल तर ती उतरली आहे, चार्ज करावी लागेल. दिवे लख्ख राहून नुसता एकच ‘टक्’ आला तर दोष बहुधा स्टार्टरकडे. ते काम मेकॅनिकचे.

आता इंजिन जोरात फिरते, पण पेट घेत नाही. मग बॅटरी ठीक आहे; एकतर पेट्रोल नाही किंवा ठिणगी नाही. आधी काटा बघा (हसू नका, निम्म्या वेळा हेच असते). कार्बोरेटरची गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि पंपाला ते पुन्हा वर ओढायला वेळ लागतो. चोक ओढून, मध्ये थांबत चार-पाच वेळा प्रयत्न करा. पेट्रोलचा उग्र वास सुटला तर मात्र इंजिनात ते जास्त झाले. मग चोक आत ढकला, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि काही सेकंद फिरवा. पाय वर-खाली मारू नका.

पावसाळ्यात मात्र माझा पहिला संशय डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर. जिथून प्लगच्या जाड वायरी निघतात ती काळी टोपी. तिच्या आत दव धरते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच हरवते. किल्ली काढून घ्या, टोपी उघडा, आतून सुक्या फडक्याने पुसा, बारीक तडा दिसतो का ते पाहा. वायरी उपटू नका. कुठली कुठे होती हे विसरले तर गाडी मुळीच चालू होणार नाही. बॉनेट उघडलेच आहे तर उंदरांनी वायरी कुरतडल्या नाहीत ना तेही बघा. ताडपत्रीखालची ऊब त्यांना फार आवडते. पेट्रोलच्या रबरी नळ्यांना चिरा दिसल्या किंवा ओल दिसली तर किल्ली लावूच नका. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलशी जुन्या रबराचे फारसे जमत नाही.

मारुती ८०० १९८३ साली आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. नंतरच्या इंजेक्शनच्या गाड्यांना चोक आणि कार्बोरेटर नाही, त्यामुळे वरचे पेट्रोलचे उपाय त्यांना लागू नाहीत. बॅटरीचे सगळे लागू आहे.

बॅटरी नुसती उतरली असेल तर दोन-तीन माणसे बोलवा. किल्ली चालू, क्लच दाबलेला, दुसरा गिअर. गाडीने वेग घेतला की क्लच सोडा. एकदा सुरू झाली की दवाखान्याच्या दारातही ती बंद करू नका. आजाऱ्याला उतरवायला दुसऱ्याला सांगा आणि चालवणाऱ्याने जागेवरच बसून राहावे.