ट्रॅव्हल्स मालकांना धनत्रयोदशीपर्यंतची मुदत

सुरतेहून धुळे-जळगावकडे रात्रीच्या बस सोडणाऱ्या मालकांनो, हा इशारा तुम्हाला आहे. देणारे आम्ही, लिंबायत-उधन्यात राहणारे आणि सणाला तुमच्याच गाडीने खानदेशात जाणारे प्रवासी.

सुरत सोडताना चालक शुद्धीत असतो, हे मान्य. गुजरातेत दारूबंदी आहे. पण सोनगड मागे पडून नवापूरची हद्द ओलांडली की दारू उघड मिळते. तिथून पुढे जेवणाचा थांबा होतो आणि मग कोंडाईबारीचा घाट लागतो. झोपलेली लेकरंबाळं घेऊन तो घाट ओलांडणाऱ्या माणसाचा श्वास कोण तपासतं? कोणीही नाही.

इग्निशन इंटरलॉक हे यंत्र ते काम करतं. चालकाने नळीत फुंकल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. श्वासात मर्यादेपेक्षा जास्त अल्कोहोल असेल, तर होतच नाही. एसीसाठी इंजिन चालू ठेवून चालक जेवायला उतरला तरी सुटका नाही, कारण ते वाटेतही पुन्हा फुंकायला लावतं आणि नोंद ठेवतं. अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यात 2005 पासून पहिल्याच गुन्ह्यातल्या दोषीलाही ते सक्तीचं आहे. फ्रान्सने तर 2015 पासून प्रवासी बसमध्ये, कुणाचा गुन्हा घडण्याची वाट न पाहता, ते बंधनकारक केलं.

आपल्या मोटार वाहन कायद्यात ही सक्ती नाही. कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही, शिवाय किमान सहा महिने लायसन्स बंद. मुदत सरली की तोच माणूस पुन्हा स्टिअरिंगवर. कलम 188 मात्र मालकांनी नीट वाचावं: अशा गुन्ह्याला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. प्यायलेला आहे हे ठाऊक असून गाडी त्याच्या हाती दिलीत, तर 'मला काय माहीत' चालणार नाही.

धनत्रयोदशीपर्यंत प्रत्येक रात्रबसमध्ये हे यंत्र बसवा. तोवर प्रत्येक थांब्यानंतर प्रवाशांसमोर चालकाची ब्रेथ अ‍ॅनालायझरने तपासणी करा. नकार मिळाला तर गाडी जागची हलू देणार नाही, तिथूनच 112 ला फोन लावू, लेखी तक्रार देऊ आणि साक्षीलाही उभे राहू. मुदतीनंतर यंत्र नसलेल्या गाडीचं तिकीट आमच्यातलं एकही घर काढणार नाही.