पिकअप गाडीवरील इशाऱ्याचे दिवे : शोभा की संरक्षण?

व्यापाराचे अर्धे काम पेढीवर होते आणि अर्धे रस्त्यावर. बेळगावचा भाजीपाला घेऊन रात्री चोर्ला घाट उतरणाऱ्या गाड्या गोव्यात पोहोचतात, तेव्हा तेथील बाजार भरतो. ही वाहतूक ज्यांच्या जिवावर चालते ते चालक आणि हमाल नफ्याचे भागीदार नसतात. धोक्याचे मात्र पहिले भागीदार तेच असतात. म्हणून पिकअप गाड्यांना छुपे लुकलुकणारे दिवे बसविण्याची जी हौस दिसू लागली आहे, तिच्याविषयी दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

हे दिवे पुढच्या जाळीमागे किंवा मागील दिव्याच्या घरात दडवितात. बंद असता ते दिसू नयेत, आणि चालू करताच पाहणाराचे डोळे दिपावेत, हा त्यांतील हेतू. साध्या वेशातील पोलिसांच्या गाडीला अशी योजना शोभते, कारण तिला स्वतःची ओळख लपवावयाची असते. व्यापाऱ्याच्या गाडीने कोणापासून लपावयाचे? तिचे हित दुरून दिसण्यातच आहे.

कायद्याची बाजूही ध्यानी घ्यावी. लाल, निळ्या व पांढऱ्या दिव्यांच्या वापरावर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०८ व्या नियमाचे बंधन आहे. १ मे २०१७ पासून तर मंत्र्यांच्या गाड्यांवरील लाल दिवेसुद्धा उतरले. तेव्हा ते रंग वर्ज्यच समजावेत. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्यास १९८८ च्या कायद्याचे ५२ वे कलम आड येते. यास्तव नारिंगी-पिवळा दिवा लावावयाचा असला तरी परिवहन कार्यालयास आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. अपघातानंतर विमा कंपनीशी वाद घालण्यापेक्षा हे पुष्कळ स्वस्त पडते.

ज्यांची गाडी कामासाठी रस्त्याच्या कडेला खरोखरच उभी राहते आणि ज्यांस संमती मिळते, त्यांनी निवड डोळसपणे करावी. सेकंदास दोन ते चार वेळा लुकलुकणारा दिवा पुरे. त्याहून जलद दिवा इशारा देत नाही, गोंधळवितो. रात्री प्रकाश मंद करता यावा. बसविण्यासाठी मूळ दिव्याच्या घरास भोक पाडू नये. पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी शिरते. तार हेडलाइटच्या तारेस न जोडता बॅटरीपासून स्वतंत्र आणावी आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज घालावा. पत्र्यातून तार जाते तेथे रबरी कडे हवेच, नाहीतर ती घासून उघडी पडते आणि आगीस निमंत्रण मिळते. अर्थिंगची जागा रंग खरवडून स्वच्छ करावी. बटण निराळे असावे, आणि दिवा चालू असल्याचे चालकास आत दिसावे. कारण धावत्या गाडीवर हे दिवे चालू ठेवणे म्हणजे समोरच्यास फसविणे होय. शेवटी मालकाने स्वतः रात्री शंभर पावले मागे जाऊन पाहावे. फाळका खाली सोडला किंवा ताडपत्री लोंबली की मागील दिवे झाकले जातात, हे तेव्हाच कळते.

तथापि आमचे मत असे की, यातील बहुतेक खर्चाची गरजच पडू नये. मागचे दोन्ही दिवे पेटते असणे, परावर्तक पट्ट्या पुसलेल्या असणे, चारही इशारादिवे चालणे, आणि गाडी बंद पडताच लाल त्रिकोण पुरेशा अंतरावर, वळण असल्यास वळणाच्या अलीकडे ठेवणे, एवढे केले तर पुष्कळ अनर्थ टळतील. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या पट्टीवाचून अंधारात उभ्या दिसल्या की आपण त्यांस दोष देतो. आपल्या स्वतःच्या गाड्यांची मागील बाजू मात्र क्वचितच पाहतो.

आमची संघटनेस विनंती आहे की, प्रतिवर्षी हंगामापूर्वी एक सायंकाळ बाजाराच्या आवारात सभासदांच्या गाड्यांच्या तपासणीसाठी राखावी. एक वीजमिस्त्री, काही बल्ब आणि पट्टीची दोन-चार वेटोळी एवढ्यावर ते काम भागेल. हिशेबाची वही आपण रोज तपासतो. ज्या दिव्याच्या भरवशावर कोणाचा तरी मुलगा रात्री घाट उतरतो, तो दिवा वर्षातून एकदा तरी तपासावा.