पुडीवर औषधाचे नाव हवेच

निंदणाला जाणाऱ्या बाईच्या मानेवर, पाठीवर, हातांवर लालसर गोल चट्टे उठले की कामरगाव परिसरात दोष आधी उन्हाला दिला जातो, मग फवारणीला. कधी तो खराही असतो. पण चट्टे महिनाभर हटत नसतील, तर आणखी एक प्रश्न विचारायला हवा : ती कोणत्या गोळ्या घेत आहे?

काही औषधांमुळे शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच पेशींवर उलटते आणि ल्युपससारखा आजार होतो. अंगावर चट्टे येतात, सांधे दुखतात, ताप येतो, श्वास घेताना छातीत कळ येते. सल्फाडायझिनमुळे असे घडल्याची नोंद १९४५ सालची आहे. पुढे रक्तदाबावरचे हायड्रालाझिन, क्षयरोगावरचे आयसोनियाझिड यांची नावे त्यात जोडली गेली. नायट्यावरचे टर्बिनाफिन आणि ‘गॅसची गोळी’ म्हणून घरोघरी पोचलेले ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांच्यामुळेही ऊन लागणाऱ्या त्वचेवर असे चट्टे उठू शकतात. हे क्वचित घडते, पण घडते.

मूळ ल्युपस बहुधा जन्मभर सोबत करतो. औषधामुळे आलेला मात्र ते औषध थांबवल्यावर बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरतो. हा फरक ओळखला नाही, तर रुग्ण स्टिरॉइड घेत राहतो आणि मूळ गोळीही चालूच राहते. केवळ रक्ताच्या ‘एएनए’ तपासणीने भागत नाही. आयसोनियाझिड घेणाऱ्या अनेकांत ती पॉझिटिव्ह येते, आजार थोड्यांनाच होतो. खरा धागा सापडतो तो औषधांच्या यादीत.

आणि इथेच घोडे पेंड खाते. पट्टी कापून साध्या कागदी पुडीत दिलेल्या गोळ्यांना नावच नसते. ‘पांढरी सकाळी, गुलाबी रात्री’ एवढेच रुग्ण सांगू शकतो. म्हणून दवाखाना सरकारी असो की खासगी, वा मेडिकलचे दुकान असो, प्रत्येक पुडीवर औषधाचे नाव लिहूनच दिले गेले पाहिजे.

रुग्णांनीही रिकाम्या पट्ट्या जपून ठेवाव्यात आणि डॉक्टरांना दाखवाव्यात. मनानेच औषध बंद करू नये. क्षयरोगाचे तर मुळीच नाही, कारण अर्धवट सोडलेला क्षय अधिक चिवट होऊन परततो. औषधाचा त्रास झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो. पण कळवायचे, तर आधी औषधाचे नाव ठाऊक हवे!