मूठ कोणासाठी वळायची?



जळगाव-धुळ्याकडे शाळा-कॉलेजांतून मुलींसाठी कराटे, कुंग-फूची शिबिरे भरतात. शेवटच्या दिवशी मुली कौले फोडतात, पाहुणे टाळ्या वाजवतात, प्रमाणपत्रे वाटली जातात. मुलीने मूठ वळावी, मोठ्याने ओरडावे, याचे आम्हाला कौतुकच आहे. लहानपणापासून अंग चोरून बसायला शिकवलेल्या मुलीचे अंग मोकळे होते, हे काही थोडे नाही. प्रश्न एवढाच की, ही मूठ कोणासाठी वळायला शिकवली जाते?

शिबिरातला हल्लेखोर बहुधा अनोळखी असतो, अंधारातून येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल मात्र सांगतात की, बलात्काराच्या दर 100 प्रकरणांपैकी 90हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो: नातेवाईक, शेजारी, मालक, लग्नाचे वचन देणारा. 1994 साली उघडकीस आलेले जळगावचे प्रकरण आपण विसरलेलो नाही. तिथे आधी ओळख वाढवली गेली, मग छायाचित्रांचा धाक घातला गेला. अनेकजणी बदनामीच्या भीतीने साक्षीलाही उभ्या राहू शकल्या नाहीत. अशा वेळी नुसती लाथ कुठे पुरणार?

मग हे शिकूच नये का? जरूर शिकावे, पण डोळसपणे. चीनमधल्या विंग चुन या युद्धकलेची दंतकथा मोठी बोलकी आहे. गावचा गुंड यिम विंग चुन या मुलीशी जबरदस्तीने लग्न करू पाहतो. ती एका भिक्षुणीकडून विद्या शिकते आणि त्याला हरवून नकार पक्का करते. कथा खरी असो वा नसो, तिच्यातला शत्रू अनोळखी नाही, गावातलाच आहे. या कलेत ताकदीला ताकद भिडवत नाहीत. समोरच्याचा जोर बाजूला वळवायचा आणि त्याच क्षणी, अगदी जवळून, प्रहार करायचा. एसटीच्या गर्दीत किंवा घराच्या कोपऱ्यात उंच लाथेपेक्षा हे उपयोगाचे. पण सरावात समोरची मैत्रीण हात अलगद सोडून देत असेल, तर तो सराव नव्हे, नाच झाला. तिने खरोखर ओढले पाहिजे, ढकलले पाहिजे, आणि आपण साडीत वा सलवार-कमीजमध्ये सुटून दाखवले पाहिजे.

कॅनडातल्या तीन विद्यापीठांत विद्यार्थिनींना 12 तासांचे प्रशिक्षण दिले गेले. त्याचे निष्कर्ष 2015 साली प्रसिद्ध झाले. त्यात आधी ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातला धोका ओळखणे, मग 'त्याला काय वाटेल' हा संकोच झुगारणे, आणि त्यानंतर शब्दांनी व शरीराने प्रतिकार करणे, असा क्रम होता. पुढच्या वर्षभरात नुसती माहितीपत्रके मिळालेल्या गटात बलात्काराचे प्रमाण शेकडा 9.8 होते, प्रशिक्षण घेतलेल्या गटात 5.2. म्हणजे उपयोग होतो. पण मूठ वळण्याआधी मन वळवावे लागते.

आणि एक धोका. 1972 साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, अशी कारणे देत सर्वोच्च न्यायालयाने 1978 साली पोलिसांना निर्दोष सोडले. त्या निकालाविरुद्ध देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असे मानता येणार नाही, हे 2013 साली कायद्यात स्पष्टपणे लिहिले गेले आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्येही ते आहे. भीतीने शरीर गोठते. 'शिकली होतीस ना, मग का नाही मारलेस?' हा प्रश्न आपल्या शिबिरांतून जन्माला येता कामा नये.

म्हणून गटात वर्ग भरवताना शिक्षकाला विचारा: ओळखीच्या माणसाविरुद्ध काय शिकवाल? ओरडायला शिकवाल का? कापूस वेचून थकलेल्या, चाळिशी ओलांडलेल्या बाईला काय शिकवाल? एक बैठक कायद्यासाठी राखून ठेवा. स्वसंरक्षणाचा हक्क संहितेच्या 34 ते 44 या कलमांनी दिला आहे, आणि गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे प्रत्येकीला माहीत हवे.

एवढे करूनही रस्त्यावरचा दिवा, वेळेवरची एसटी आणि तक्रार ऐकून घेणारे ठाणे यांची मागणी सोडायची नाही. मूठ आपली असली, तरी सुरक्षिततेची जबाबदारी एकट्या बाईची नव्हे.