भस्मासुर नव्हे, चिंचोक्यांचा हिशेब

दरवर्षी ११ जुलै जवळ आला, की शाळाशाळांतून निबंध आणि चित्रकला स्पर्धांना ऊत येतो. ‘लोकसंख्येचा भस्मासुर’ हा त्यातील ठरलेला विषय. १९८७ साली याच दिवशी जगाची लोकसंख्या ५०० कोटी झाल्याचे मानले गेले आणि पुढे हा जागतिक लोकसंख्या दिन ठरला. मात्र ही संख्या का वाढली, हा मूळ प्रश्न आठ-नऊ वर्षांच्या स्पर्धकांपर्यंत क्वचितच पोहोचतो.

वस्तुतः हा विषय प्राथमिक वर्गातही शिकवता येण्याजोगा आहे. एक चिंचोका म्हणजे १० कोटी माणसे असे मानले, तर १८०४च्या सुमारास जग १० चिंचोक्यांचे होते. त्याचे २० होण्यास १९२७ उजाडले. पुढील १० मात्र १९६०पर्यंत, ३३ वर्षांतच पडले आणि त्यानंतरचे १० अवघ्या १४ वर्षांत. नोव्हेंबर २०२२मध्ये ही रास ८० वर पोहोचली.

यामागे जन्मांपेक्षा टळलेल्या मृत्यूंचा वाटा मोठा आहे. भारतात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके वर्षाच्या आतच दगावत. २०२० साली हे प्रमाण २८ वर आले. ही वाढ लसीकरणाच्या, स्वच्छ पाण्याच्या यशाचीही नोंद आहे.

हिशेबाचा उत्तरार्ध तितकाच महत्त्वाचा. १९६०च्या दशकात वाढीचा वार्षिक वेग दोन टक्क्यांवर गेला होता. आता तो एक टक्क्याहून कमी आहे. या शतकाच्या नवव्या दशकाच्या मध्यास जगाची लोकसंख्या सुमारे १,०३० कोटींचे शिखर गाठून हळूहळू उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४चा अंदाज आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) दर स्त्रीमागे अपत्यांचे प्रमाण देशात २.०, तर महाराष्ट्रात १.७ आहे. पिढी स्थिर राखण्यास २.१ लागते. तरीही आकडा वाढतो, कारण आधीच जन्मलेली तरुण पिढी मोठी आहे.

अर्थात पाणी, जमीन, रोजगार यांवरील ताण खोटा नाही आणि तो मुलांपासून लपवण्याचेही कारण नाही. परंतु केवळ भीती शिकवली, की तिचे बोट वर्गातल्याच कोणाकडे तरी वळते. कधी तीन भावंडांच्या घरातील मुलीकडे, कधी परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाकडे. आपण कोणाच्या तरी लेखी ‘जादा’ आहोत, ही जाणीव घेऊन त्या मुलांनी घरी जावे काय, याचा विचार यंदाचा निबंधाचा विषय फळ्यावर लिहिण्यापूर्वीच व्हायला हवा.