फास्टर फेणे मोठा झाला, पण कोणासाठी?

बालपणी ज्या नायकासोबत आपण पुणे पालथे घातले, त्याच्यावर चित्रपट निघाल्याचे कळले की जुन्या वाचकाच्या मनात आनंदाआधी धास्ती उभी राहते. 2017 साली आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'फास्टर फेणे' पाहायला जाताना आमची अवस्था नेमकी तशीच होती. त्यानंतर हा चित्रपट आम्ही अनेकदा पाहिला, त्यावर भरपूर वाद घातला, आणि दरम्यान आमचे मतही पुरते बदलले. ते येथे मांडत आहोत.

आम्ही नारायण पेठेत वाढलो. अप्पा बळवंत चौकातली पुस्तकांची दुकाने चालत जाण्याच्या अंतरावर होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत भा. रा. भागवतांची पुस्तके घरोघर फिरत. फुरसुंगीहून पुण्यातील विद्याभवन शाळेत शिकायला आलेला काटकुळा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचे ते 'टॉक्'! 1980 च्या दशकात दूरदर्शनवरील मालिकेत सुमीत राघवन यांनी बन्या साकारला, तेव्हाही 'आमचा बन्या असा नाही' अशी कुरकुर करणारे वाचक होतेच. चाहत्याची कुरकुर हा समीक्षेचा निकष होऊ शकत नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

चित्रपटावरचा सर्वांत सोपा आक्षेप असा, की त्याने बन्याला मोठा केला. अमेय वाघ यांचा बनेश वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात येतो, तिथे भेटलेल्या एका मुलाच्या संशयास्पद मृत्यूचा माग काढतो आणि परीक्षांतील गैरव्यवहाराच्या जाळ्यापर्यंत पोहोचतो. हे भागवतांचे जग नव्हे, असे आम्हीही प्रथम म्हणालो. परंतु हा आक्षेप टिकत नाही. स्वतः भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठीत आणले ते मोकळ्या हाताने. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र' ही पुस्तके वाचताना परक्या कथेला आपल्या मातीत रुजवण्याची त्यांची हौस पानोपानी जाणवते. जो लेखक स्वतः रूपांतरकार होता, त्याच्या नायकाचे रूपांतर करूच नये असे म्हणणे हा त्याच्या वारशाचाच अवमान ठरेल. शेरलॉक होम्सला बीबीसीने 2010 मध्ये आजच्या लंडनमध्ये आणले. उलट दिबाकर बॅनर्जी यांनी 2015 मध्ये ब्योमकेश बक्षीला 1943 च्या कलकत्त्यातच ठेवले. काळ बदलणे वा न बदलणे हा मूल्यमापनाचा मुद्दाच नव्हे.

शिवाय या चित्रपटाने जे पुणे पाहिले, ते पाहायला आम्हीच कचरत होतो. आज नारायण आणि सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जागी इमारती आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी मजल्यांवर अभ्यासिका. गावाकडून आलेली मुले तिथे एका टेबलाएवढ्या जागेत वर्षे काढतात. आमचे काही विद्यार्थी सकाळी आमच्या व्याख्यानाला असतात आणि दुपारी अशाच एखाद्या खुर्चीत. ज्या फुरसुंगीहून बन्या आला, तिचे नाव पुढे पुणेकरांच्या तोंडी आले ते कचरा डेपोमुळे. अशा पुण्यात फेणे आला तर त्याला परीक्षेचा बाजारच दिसणार. क्षितिज पटवर्धन यांच्या पटकथेची ही जाण खरी आहे. दिलीप प्रभावळकर यांनी साकारलेले 'भा. रा.' पडद्यावर येतात तेव्हा लेखकाविषयीची कृतज्ञताही मनाला भिडते.

मग अडते कोठे? आमच्या मते, प्रेक्षकापाशी. भागवतांच्या पुस्तकांत मोठी माणसे गोंधळतात आणि शाळकरी पोरगा मार्ग काढतो. दहा-बारा वर्षांच्या वाचकाला त्यातून जो आत्मविश्वास मिळे, तो कोणत्याही संस्कारकथेने दिला नाही. चित्रपटात बन्या तरुण झाला आणि लहान मूल त्याच्या मदतनिसाच्या जागी गेले. गिरीश कुलकर्णी यांनी रंगवलेला अप्पा हा अस्सल खलनायक आहे, परंतु त्याची दहशत मोठ्यांना गार करणारी आहे. म्हणजे आमच्या पिढीचा नायक आमच्याच पिढीसाठी मोठा करण्यात आला. आम्हाला आमचे बालपण परत मिळाले, पण आजच्या मुलांच्या हाती काय आले?

सत्यजित राय यांनी आपल्याच फेलूदावर 1974 मध्ये 'सोनार केल्ला' केला. त्यात गुन्हेगार आहेत, धोका आहे, तरी तो चित्रपट मूल आणि त्याचे आजोबा शेजारी बसून पाहू शकतात, आणि दोघांपैकी कोणालाही कमी लेखल्यासारखे वाटत नाही. मराठी चित्रपटाला हे अशक्य आहे काय? तसे नाही. परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' (2014) आठवावा. वडिलांनी बनवलेली सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरच्या यात्रेत दुकान मांडणारी ती मुले! तिथे बन्याचे नाव नाही, 'टॉक्' नाही, परंतु संकटाला भिडणारी बालबुद्धी आणि तिचा खट्याळपणा भागवतांच्याच कुळातला आहे. नाव एका चित्रपटाकडे गेले आणि वारसा दुसऱ्याकडे, असे आम्हाला वाटते.

अलीकडे वर्गात विचारले, तेव्हा फास्टर फेणे चित्रपटामुळे ठाऊक असलेले हात बरेच वर आले. पुस्तक वाचलेले दोनच. यासाठी चित्रपटाला दोष देणे अन्यायाचे होईल. पुस्तके दुकानात आहेत, ती मुलांच्या हाती देणे हे काम दिग्दर्शकाचे नसून आमचे, शिक्षकांचे आहे. मराठीच्या अभ्यासक्रमात आम्ही बालसाहित्याला एखाद्या टिपेपुरती जागा देतो आणि नंतर वाचक घटल्याची खंत करतो. बन्या पडद्यावर कसा दिसला याची चर्चा आम्ही पुष्कळ केली. तो वर्गात का दिसत नाही, याची चर्चा आता सुरू व्हावी.